सणासुदीचा पोशाख : आधी पाय, मग साडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घर आणि थोडी शेती सांभाळणारी बाई. भाषण करणे हे काही माझे काम नव्हे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हाला शिवणटिपण येते, चार जणी साडीबरोबर काय घालावे ते तुम्हालाच विचारायला येतात. आता पुढे नवरात्र, दसरा, दिवाळी आहे. तेव्हा शरद ऋतूत नीटनेटके कसे नटावे यावर बोला." वडीलधाऱ्या बाईंचा शब्द मोडवेना, म्हणून उभी राहिले आहे.

विषय वरवर हलका वाटेल. पण मागच्या बैठकीत आपल्यापुढे एक प्रश्न आला होता. यंदा नवरात्रात मंडळाच्या कार्यक्रमाला प्रत्येकीने रोजच्या ठरलेल्या रंगाचीच साडी नेसून यावे, असा नियम करावा की करू नये? निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. माझे बोलणे शेवटी त्या प्रश्नापाशी जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे मी साड्यांवरून एकदम दुसरीकडे कुठे गेले असे कुणाला वाटायला नको.

प्रथम आपला शरद ऋतू कसा ते पाहू. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने. थंड देशांत या दिवसांत झाडांची पाने पिकून गळतात आणि तिकडच्या बायका लोकरीचे कपडे, गळपट्टे आणि उंच बूट बाहेर काढतात. मोबाईलवर या ऋतूचे पोशाख म्हणून मुली जी चित्रे दाखवतात ती बहुतेक तिकडची असतात. ती पाहायला छान, पण मालवणच्या किनाऱ्यावर तो पोशाख केला तर घटकाभरात माणूस घामाने भिजून जाईल. आपल्याकडे पाऊस ओसरला की ऊन चटके देऊ लागते. हवेत ओल असते, खारे वारे असते, आणि दुपारपर्यंत कडक ऊन पडून संध्याकाळी गडगडाटासह एखादी सर येऊन जाते. त्यात भातकापणीचे दिवस. सकाळपासून विळा चालवून चार वाजता घरी आलेल्या बाईला सहा वाजता देवळात जायचे असते. आपला पोशाख या बाईचा असला पाहिजे, चित्रातल्या बाईचा नव्हे.

पहिले काम ट्रंकेचे. पावसाळ्याचे चार महिने कपडे बंद राहिलेले असतात. त्यांना कोंदट वास येतो, कुठे बुरशीचा ठिपका पडतो. भाद्रपद सरता सरता एखादा कोरडा दिवस पाहून सगळे कपडे बाहेर काढावेत. सुती साड्या उन्हात घातल्या तरी चालतात, पण रेशमी आणि जरीच्या साड्या सावलीतच, वाऱ्यावर पसरून ठेवाव्यात. थेट उन्हाने त्यांचा रंग उडतो. घडी मोडून दुसरीकडून घडी घालावी, म्हणजे एकाच रेषेवर जर तुटत नाही. रेशमी साडी जुन्या धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. त्याऐवजी वेखंडाचे तुकडे किंवा सुकवलेला कडुनिंबाचा पाला फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावा. चांदीचे दागिने काळवंडलेले असतात. रिठ्याच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने घासले, की कोरड्या फडक्याने पुसून लगेच कापडात गुंडाळावे. एवढे केले की आपल्याजवळ काय काय आहे ते समजते. पुष्कळदा आपण नवीन घ्यायला निघतो तीच वस्तू ट्रंकेच्या तळाशी सापडते.

आता जुळवणी. बहुतेक जणी आधी साडी ठरवतात, मग पोलके, मग दागिने, आणि निघताना जी चपल दारात असेल ती पायात सरकवतात. माझ्या सासूबाई उलट सांगत. त्या म्हणत, "आधी पाय बघ, मगे साडी बघ." त्यांचे म्हणणे असे की, कुठे जायचे, किती चालायचे, कुठे बसायचे, हे ठरले की पायात काय घालायचे ते ठरते, आणि पायात काय हे ठरले की साडी किती उंच नेसायची, कोणत्या काठाची नेसायची हे आपोआप ठरते. आपल्या वाटा जांभ्या दगडाच्या, लाल मातीच्या, नाहीतर वाळूच्या. फिक्या रंगाच्या काठाची साडी पायघोळ नेसली तर घरी येईपर्यंत काठ तांबडा होतो. म्हणून आपल्याकडे काठ गडद असलेला बरा : तांबडा, विटकरी, हिरवा किंवा काळा. गोव्यातली तांबड्या चौकड्यांची जाडीभरडी कुणबी साडी पाहा. शेतात वावरणाऱ्या बाईच्या कामाला सोयीची म्हणून ती टिकली. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी ती साडी पुन्हा लोकांपुढे आणली आणि गोव्याच्या पोशाखांवर 'मोडा गोवा' हे पुस्तकही २०१२ साली लिहिले. शहरातल्या बायका आज ती साडी हौसेने नेसतात. शेतातल्या बाईची सोय हीच पुढे दिवाणखान्यातली शोभा झाली.

पायताणाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण सणाच्या दिवशी सगळ्यांत जास्त हाल पायांचेच होतात. कोल्हापुरी चपल आपल्या नऊवारीला, पाचवारीला आणि मुलींच्या कुर्त्यालाही शोभते. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते पाण्याचे वैरी असते. एकदा चिंब भिजले की तळ फुगतो आणि आकार जातो. तेव्हा आभाळ भरलेले असेल त्या संध्याकाळी कोल्हापुरी घरीच राहू द्यावी आणि साधी रबरी किंवा प्लॅस्टिकची स्वच्छ धुतलेली चपल घालावी. त्यात कमीपणा काही नाही. कोल्हापुरी भिजलीच तर चुलीपाशी किंवा उन्हात न ठेवता आत कागद भरून सावलीत वाळवावी आणि मग एरंडेलाचा हलका हात द्यावा. नवी चपल सणाच्या दिवशी प्रथम घालू नये. आठ दिवस आधीपासून घरात थोडा थोडा वेळ वापरावी, अंगठ्याला आणि पट्ट्याला तेल लावावे, म्हणजे चावत नाही. चपल विकत घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजलेले असतात, तेच खरे माप.

या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचा तो हक्क आहे. पुढे जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेवरून ती कल्पना घेतल्याचे मान्य केले. हे सांगण्याचे कारण एवढेच, की जी चपल आपण दारात काढून ठेवतो ती साता समुद्रापार कौतुकाची होते. तेव्हा आपल्या घरात असलेल्या वस्तूला आपणच साधी म्हणून बाजूला सारू नये.

आता एकेका प्रसंगाचा पोशाख पाहू.

नवरात्रात संध्याकाळी देवळात भजनाला जायचे. तिथे मांडी घालून तासभर बसायचे, गर्दी, समयांची धग, आणि वारा नाही. इथे सुती साडीच हवी. इरकल असेल तर उत्तम. तिचा पदर तांबडा, अंग गडद, मळ दिसत नाही. वर खणाचे पोलके. गळ्यात ठुशी किंवा बोरमाळ यांतले एकच. कानात कुड्या. केसांत अबोलीचा वळेसर. चपल अशी की वाकून पट्टा सोडावा लागू नये, कारण देवळाच्या पायरीवर मागून माणसे येत असतात.

दसऱ्याला आपट्याचे सोने द्यायला घरोघर जायचे. घरे पाच असोत की पंधरा, प्रत्येक घरी बसायचे आणि वाकून नमस्कार करायचा. इथे जरा ठेवणीतली साडी चालते. पण पदर खांद्यावर पिनेने नीट बसवावा, म्हणजे वाकताना सावरत बसावे लागत नाही. खणाचा तुकडा उरला असेल तर त्याचा बटवा शिवावा. त्यात आपट्याची पाने राहतात, आणि पोलक्याला तो आपोआप जुळतो.

कोजागिरीला खळ्यात किंवा अंगणात रात्री बसायचे. चांदण्यात गडद रंग काळाच दिसतो, तेव्हा फिकी साडी नेसावी : पांढरी, मोतिया, आकाशी. सोने चांदण्यात फिके पडते, चांदी खुलते. म्हणून या एका रात्री चांदीचे पैंजण, चांदीच्या बांगड्या आणि एखादी मोत्यांची माळ. प्राजक्ताची फुले ओंजळभर असली की ओटी भरल्यासारखे वाटते. रात्री दव पडते, एक पातळ शाल जवळ असावी.

दिवाळीच्या पाडव्याला मालवणात श्री देव रामेश्वर आणि नारायण यांच्या पालखीचा सोहळा असतो. त्या दिवशी गावचे आणि मुंबईचे, सगळे चाकरमानी रस्त्यावर असतात आणि चालणे पुष्कळ असते. भर गर्दीत उंच टाचेची चपल ही स्वतःला आणि मागच्याला त्रास. सपाट, पायाला बसलेली, जुनी चपल घालावी. साडी दोन बोटे उंच नेसावी. खरे सोने घरी ठेवून चापाची नथ आणि एखादा साज घालावा. नथ नाकात असली की चेहरा लगेच सणाचा दिसतो. पैशांची पिशवी खांद्यावरून तिरकी अडकवावी, हात मोकळे राहतात.

शेवटचा प्रसंग कार्तिकातल्या जत्रांचा. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि दशावतार रात्रभर चालतो. पहाटे गारवा येतो. जुनी मऊ साडी, लांब बाह्यांचे पोलके किंवा शाल, आणि अंथरायला एक चादर. देवळाबाहेर शेकडो चपलांत आपली चपल हरवू शकते, म्हणून चांगली नेऊच नये.

दशावताराचा विषय निघाला म्हणून एक सांगते. आपल्याकडे दशावतारी नटाबद्दल म्हणतात, "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा." पूर्वी मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जात. त्या पेटाऱ्यात साड्या, मुकुट, दागिने, सगळे असायचे. त्यातूनच एकाला राजा करायचे आणि एकाला राणी. तीच साडी आज द्रौपदीची, उद्या तारामतीची. पुरुष असूनही ते अशी चापूनचोपून साडी नेसतात की आपण बघत राहावे. नेसण्याची रीत, एखादा दागिना, केसांतले फूल, एवढ्याने ते नवे माणूस उभे करतात. आपण पेटाऱ्याएवढ्या कपड्यांतून वर्षाचे पाच सण का साजरे करू शकणार नाही?

जुळवणीचा माझा नियम एकच. एका वेळी एकाच गोष्टीला पुढे येऊ द्यावे. साडी भरजरी असेल तर दागिना कमी. साडी साधी असेल तर दागिना ठसठशीत. पोलके नक्षीचे असेल तर गळा मोकळा. दोन भरजरी गोष्टी एकत्र आल्या की त्या आपसांत भांडतात, आणि पाहणाऱ्याला बाई दिसत नाही, नुसते सामान दिसते.

घरात आई-आजीची नऊवारी पडून असेल तर तीही वाया घालवू नका. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. आजच्या बाजारातली साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे पाऊणेतीन मीटर कापड उरते. त्यात नातीचा परकर होतो, नाहीतर दोन पोलकी होतात. मात्र नऊवारी नेसणारी घरात कुणी असेल तर ती कापू नका. तिला विचारा आणि तिच्याकडून नेसायला शिका. कापडाला कात्री लावणे सोपे, नेसण्याची रीत एकदा विसरली की ती शिकवणारे माणूस शोधावे लागते.

आता त्या नऊ रंगांकडे येते.

ही नऊ रंगांची चाल आपल्या आजीच्या काळात नव्हती. गेल्या वीस-बावीस वर्षांत वर्तमानपत्रांतून ती सुरू झाली आणि मोबाईलमुळे घरोघर पोचली. ते रंग बहुतेक वारांवर ठरतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारिंगी, आणि उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले दोन. घटस्थापना दर वर्षी वेगळ्या वारी येते, म्हणून त्याच तिथीला दर वर्षी वेगळा रंग येतो. म्हणजे हा रंग देवीने मागितलेला नाही, दिनदर्शिकेने ठरवलेला आहे. माझा त्या हौसेला विरोध नाही. एका रंगात पंचवीस बायका उभ्या राहिल्या की फार छान दिसते, मन भरून येते. मीही हौसेने नेसते. विरोध आहे तो नियमाला.

साधा हिशोब करा. साडी पाचशे रुपयांची धरली तरी नऊ साड्यांचे साडेचार हजार होतात. वर पोलक्यांची शिलाई वेगळी. आणि शनिवारचा करडा रंग वर्षात पुन्हा कोण नेसते? आपल्या वाडीत अशी घरे आहेत की मच्छीमारीचा हंगाम नीट गेला नाही तर दिवाळीला एकच साडी येते. मागे दुसऱ्या एका ठिकाणच्या अशाच कार्यक्रमाला माझी एक ओळखीची बाई तिसऱ्या दिवसापासून आली नाही. मला वाटले आजारी असेल. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "माझ्याकडे त्या रंगाची साडी नाय, म्हणान मी येवक नाय." ती गाते छान. तिच्या आवाजाशिवाय भजन झाले. फोटो मात्र एका रंगाचा आला.

हीच गोष्ट थोडी पुढे नेते. आपल्यातल्या ज्या भगिनींचे यजमान गेले आहेत, त्यांना तर नटण्याच्या प्रश्नात आपण धरतच नाही. नवरात्रात फुलांचे ताट फिरते तेव्हा काही हातांपुढे ते थांबत नाही. देणारीच्या मनात वाईट नसते, पण ताट पुढे जाते. मी एका बाईला अबोलीचा वळेसर हातात घेऊन, क्षणभर पाहून, शेजारणीला देताना पाहिले आहे. तिने स्वतःच्या परड्यात लावलेली ती अबोली होती.

एके काळी काही घरांत विधवेचे केस काढीत आणि तिला तांबडे आलवण नेसायला लावीत. कपडा हीच शिक्षा होती. आपल्याच कोकणात वाढलेले धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला, म्हणून त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. आलवण आज कुठे दिसत नाही. पण बांगडी, कुंकू आणि फूल यांवरचा पहारा अजून पुष्कळ घरांत उभा आहे.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने तो पहारा उठवायचे ठरवले. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढून घेणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्यानंतर १७ मे २०२२ रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडप्रमाणे करावे असे कळवले. ते गाव फार मोठे नाही, आपल्यासारखेच शेतकऱ्यांचे आहे. एका गावाला जे जमले ते एका महिला मंडळाला जमू नये असे काही नाही.

कुणी वडीलधारी बाई म्हणेल, "लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे शेवटी आपणच. देवळाच्या पायरीवर कुजबुज आपणच करतो, आणि आपण थांबवली तर ती थांबते. कुणी म्हणेल, "त्यांना स्वतःलाच नको असते." जिला नको तिने घेऊ नये. तिच्यावर कुणी जबरदस्ती करू नये, उगाच आग्रहाने तिला अवघडवूही नये. पण नको म्हणायला आधी कुणीतरी पुढे करावे लागते. ताट पुढे केलेच नाही तर ती काय नको म्हणणार?

नऊ रंगांचा नियम आणि वळेसराचा पहारा या मला दोन निराळ्या गोष्टी वाटत नाहीत. दोन्हींत दुसऱ्याने ठरवायचे की बाईने अंगावर काय घालावे, आणि ते नसेल तर तिने कोपऱ्यात बसावे. एकीला पैशामुळे, दुसरीला नशिबामुळे. नटायचे ते चार जणींत बसून आनंद करावा म्हणून. त्याच नटण्यापायी एखादी घरी राहिली, तर आपण कशासाठी नटलो?

म्हणून पुढच्या बैठकीपुढे मी तीन सूचना ठेवते. कार्यकारिणीने त्यांचा विचार करावा.

पहिली. रंगाची हौस राहू द्यावी, सक्ती नको. रोजच्या रंगाची एक वस्तू अंगावर असली म्हणजे पुरे. ती साडी असेल, नाहीतर बांगडी, पोलके, हातरुमाल, किंवा केसांतले फूल. पिवळ्या दिवशी शेवंती, नारिंगी दिवशी झेंडू, हिरव्या दिवशी आंब्याचे पान बटव्याला खोचले तरी चालेल. आपल्या परड्यात रंगांना तोटा नाही. आणि ज्या दिवशी काहीच जमले नाही त्या दिवशीही बाईने यावे, तिला कुणी विचारू नये.

दुसरी. मंडळाचा एक पेटारा करावा. आपल्यातल्या ज्यांच्याकडे न वापरलेल्या चांगल्या साड्या, खोट्या मोत्यांच्या माळा, चापाच्या नथी असतील त्यांनी त्या त्यात ठेवाव्यात. जिला हवे तिने न्यावे, नेसावे, धुऊन घडी घालून परत ठेवावे. कुणी काय नेले याची वही ठेवावी, पण ती वही फक्त सांभाळणारीने पाहावी. पेटारा सगळ्यांचा असल्यामुळे त्यातून नेणे म्हणजे कुणाकडे हात पसरणे होत नाही. वर्षातून एकदा सगळे बाहेर काढून वाऱ्यावर घालायचे काम मी करीन. रफू आणि पिकोही मी विनामूल्य करून देईन.

तिसरी. नवरात्रात फुलांचे ताट दारापासून एका टोकाने सुरू करावे आणि ओळीने प्रत्येक बाईपुढे थांबवावे. कुणाचे कुंकू आहे, कुणाचे नाही, हे ताट धरणारीने पाहू नये. पहिल्या दिवशी ते ताट आपल्या अध्यक्षबाईंनीच फिरवावे अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. त्यांनी फिरवले की दुसऱ्या दिवशी कुणाला प्रश्न पडणार नाही.

मी शिकलेली थोडी आहे, तेव्हा शब्दांत काही कमीजास्त झाले असेल तर सांभाळून घ्यावे. साडी कशी जुळवावी हे सांगायला मला उभे केले होते, ते मी मला येते तसे सांगितले. उन्हाळी दुपारी सुती नेसा, चांदण्यात चांदी घाला, कोल्हापुरी भिजवू नका, आणि एका वेळी एकच दागिना पुढे येऊ द्या. बाकीचे आपण सगळ्या मिळून बैठकीत ठरवू. बैठक घटस्थापनेच्या आधी घ्यावी, म्हणजे पेटारा वेळेवर तयार होईल. ज्यांना साडी द्यायची आहे त्यांनी आजच जाताना माझ्याकडे नाव सांगितले तरी चालेल.